दिवसाची लाईट

पदवीच्या वर्गात पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयामुळे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर न्यायालयाने १९९१ मध्ये तसा आदेश दिला. त्याची अंमलबजावणी इतकी रेंगाळली की २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा खडसावावं लागलं. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लावून दिला. मुलं त्याला ‘ईव्हीएस’ म्हणतात. त्यात एक प्रकल्पवही असते, आणि ‘अपारंपरिक ऊर्जेचे महत्त्व’ हा त्या वहीचा लाडका विषय. पवनचक्कीचं चित्र, सौरपॅनेलचं चित्र, फायदे, तोटे, निष्कर्ष. गेल्या वर्षीची वही या वर्षीच्या हातात येते, पहिलं पान बदलतं आणि सही होते.

नाशिकच्या कुठल्याही महाविद्यालयात जाऊन सौरऊर्जा हवी का, असं विचारलं तर मुलं हो म्हणतील. त्या होकारात खोटं काही नाही, पण त्याला अजून वजन आलेलं नाही, कारण तो देताना कुणाला काही सोडावं लागलेलं नाही. मला कुतूहल आहे ते त्या होकाराचं पुढे काय होतं याचं. सुट्टीत मूल घरी जातं, वडील विचारतात, ‘सोलरचं काय करायचं?’ तेव्हा तो होकार टिकतो का? मित्रांत कुणी ‘सोलर म्हणजे फसवणूक’ म्हणालं तर? कंपनीची नोकरी कोळशाच्या बाजूला असेल तर? विद्यार्थ्याचं मत वर्गात घडतं असं आपण धरून चालतो आणि म्हणून जनजागृतीचे कार्यक्रम घेतो. माझं म्हणणं असं आहे की ऊर्जेबद्दलचं मत विद्यार्थी बहुतेक घरून घेऊन आलेला असतो, आणि ते काय आहे हे महाविद्यालयात त्याला कुणी विचारतच नाही.

मतं माणसांच्या संगतीत घडतात, हे दाखवणारा एक जुना आणि फार सुंदर अभ्यास आहे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात बेनिंग्टन नावाचं मुलींचं महाविद्यालय होतं. थिओडोर न्यूकोम हे समाजमानसशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात तिथे शिकवत होते. मुली सधन, परंपरानिष्ठ घरांतल्या, आणि प्राध्यापक बहुतेक पुरोगामी. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत न्यूकोमनी मुलींचा कौल घेतला. पहिल्या वर्षाच्या सुमारे ६२ टक्के मुली घरच्यांप्रमाणे रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूने होत्या. वरच्या वर्गांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आलेलं होतं. मुली बदलल्या त्या व्याख्यानं ऐकून नव्हे. ज्या मोठ्या मुलींना सगळ्या मानत त्यांचं मत वेगळं होतं, आणि त्यांच्यात आपली गणना व्हावी असं धाकट्यांना वाटत होतं. ज्या मुली मनाने घराला घट्ट धरून राहिल्या त्या फारशा बदलल्या नाहीत. पंचवीसेक वर्षांनी न्यूकोमनी त्याच बायकांना पुन्हा गाठलं. बहुतेकींची मतं टिकलेली होती, आणि जिथे टिकली तिथे नवरा आणि मैत्रिणीही त्याच विचारांच्या होत्या.

हा अभ्यास वाचला की नाशिकमधला फरक लगेच जाणवतो. बेनिंग्टनच्या मुली घर सोडून डोंगरातल्या एका आवारात राहायला आल्या होत्या. आपल्याकडची किती मुलं घर सोडतात? केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायके महाविद्यालयाच्या आवारात सकाळी उभं राहिलं तर निफाड, दिंडोरी, सिन्नर, त्र्यंबकेश्वरकडून एसटीच्या पासवर येणारी पोरं दिसतात. ती ‘अप-डाऊन’ करतात. दुपारी तास संपले की गाडी धरायची, संध्याकाळी मळ्यात. जी खोली करून राहतात त्यांचा डबा, पैसे आणि काळजी गावाकडूनच येते. शहरात महाविद्यालयाने दिलेली संगत दिवसाचे पाच तास, उरलेले तास घरच्यांचे. आणि गंगापूर धरणाजवळ ज्याचं मुख्यालय आहे ते यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून उलटीच रीत सांगतं : विद्यार्थ्याने घर सोडायचं नाही, विद्यापीठाने घरी यायचं. तिथला विद्यार्थी स्वतःच शेतकरी असतो, वायरमन असतो, दोन मुलांची आई असते. त्यांच्या मतांचा शोध बेनिंग्टनच्या रस्त्याने लागायचा नाही.

म्हणून घराकडे जाऊ.

शेतीपंपाला थ्री फेज वीज चोवीस तास मिळत नाही. महावितरण ती चक्राकार पद्धतीने देत आलं आहे, दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. म्हणजे काही दिवस दिवसाची लाईट आणि काही दिवस रात्रीची. रात्रीच्या पाळीत लाईट बाराला येणार असेल तर बारालाच उठायचं. स्वेटर, कानटोपी, गमबूट, हातात बॅटरी आणि खांद्यावर फावडं. मोबाईलवरून मोटार सुरू करणारा स्टार्टर आता बऱ्याच जणांकडे आहे, पण कांद्याच्या वाफ्यात पाणी वळवायला मोबाईल चालत नाही, तिथे माणूसच लागतो. एक वाफा भरला की दुसऱ्याचं तोंड उघडायचं, पहिल्याचं बुजवायचं. पौषातल्या थंडीत पाय पाण्यात. शेजारी उसाचं रान असेल तर बॅटरी दर दोन मिनिटांनी तिकडे फिरते, कारण निफाड-सिन्नर-दिंडोरीच्या उसात बिबट्याने बस्तान बसवून कितीतरी वर्षं झाली. काही जण मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतात, काही फटाके बरोबर ठेवतात. बांधावर साप असतो. मध्येच फ्यूज उडाला, डीपी (रोहित्र) जळाली, तर पाणी अर्ध्यावर आणि उद्याची रात्रही गेली. घरात बाई जागी असते, फोन केला आणि उचलला नाही की तिचा जीव वरखाली.

या घरातलं पोर सकाळी नऊच्या तासाला वर्गात पेंगतं. बाप एकटा जाऊ नये म्हणून तेही रात्री मळ्यात गेलेलं असतं. त्याच तासाला त्याला शिकवलं जातं की नवीकरणीय ऊर्जेमुळे कार्बन उत्सर्जन कमी होतं. ते लिहून घेतं. ऊर्जेबद्दल त्याच्याजवळ जे ज्ञान आहे, लाईट कधी येते, किती दाबाने येते, डीपीवर किती मोटारी आहेत, आकडे किती पडतात, वायरमन कधी येतो, ते सगळं वर्गाच्या बाहेर राहतं. सौरऊर्जेला या पोराचा पाठिंबा असेल तर त्याचं कारण एका ओळीचं आहे : सूर्य दिवसा असतो. वडिलांना रात्री मळ्यात जावं लागणार नाही. याहून पक्कं कारण मी तरी ऐकलेलं नाही, आणि ते कुठल्याही भित्तिपत्रकावर नाही.

सरकारी योजनांची भाषाही अलीकडे इथेच येऊन ठेपली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला, उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढलं, आणि त्याचं आश्वासन एकच, शेतीला दिवसा वीज. येवल्याला लागून असलेल्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावी २०२४ मध्ये या टप्प्यातला तीन मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजनाही आली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक गमतीची नव्हे, पण विचार करण्याजोगी गोष्ट दिसते. बिलच नसेल तर सौरपंपाने पैसे वाचतात या युक्तिवादातला जीव जातो. शहरात घराच्या छतावर तीन किलोवॉटची यंत्रणा बसवणाऱ्याला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदान मिळतं आणि बिल जवळपास शून्यावर येऊ शकतं. तिथे हिशेब रुपयांचा आहे. मळ्यातल्या घराचा हिशेब झोपेचा आणि जिवाचा आहे. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांचं सौरऊर्जेबद्दलचं ‘हो’ असं दोन वेगळ्या घरांतून आलेलं असतं, आणि सर्वेक्षणाच्या कागदावर ती दोन्ही एकाच रकान्यात जातात.

विद्यार्थ्याचं या घरातलं स्थानही समजून घ्यायला हवं. आयझेन यांनी १९९१ मध्ये मांडलेला एक सिद्धांत या विषयावरच्या अभ्यासांत हमखास वापरला जातो. त्यांच्या मते माणूस एखादी गोष्ट करेल की नाही हे तीन गोष्टींवरून ठरतं : त्याला स्वतःला ती कशी वाटते, त्याच्या जवळची माणसं काय म्हणतील असं त्याला वाटतं, आणि ती करणं आपल्या हातात आहे असं त्याला वाटतं का. आपला विद्यार्थी तिसऱ्या पायरीवर अडतो, असं कुणीही म्हणेल. सातबारा त्याच्या नावावर नाही, छत त्याचं नाही, बिल तो भरत नाही. वसतिगृहातल्या मुलाला तर आपल्या खोलीला किती वीज लागते हेही ठाऊक नसतं. मग त्याच्या पाठिंब्याला अर्थ काय?

अर्थ आहे, आणि तो अर्ज भरण्यात आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अर्ज ऑनलाइन. सातबारा, आधार, बँक खातं, पाण्याचा स्रोत, हे सगळं पोर्टलवर चढवायचं. घरात हे काम कोण करतं? कॉलेजात जाणारा मुलगा, आणि पुष्कळदा मुलगी. वडील शेजारी खाटेवर बसून गट नंबर सांगतात, ती मोबाईलवर भरते. मग पुरवठादार निवडायची पायरी येते. यादीत कंपन्यांची नावं असतात आणि वडील म्हणतात, ‘थांब, आधी अण्णांना विचारतो, त्यांनी कुठली घेतली.’ अण्णा म्हणतात, पॅनेल बरं आहे, पण बिघडलं तर माणूस लवकर येत नाही. मुलगी नेटवर बघते, वर्गातल्या दोघींना विचारते, त्यांच्याकडे कुठली आहे, ढगाळ दिवसांत पाणी किती पडतं, तीनशे फुटांच्या बोअरला पाच अश्वशक्ती पुरते का. अर्ध्या तासात त्या खाटेवर गाव, भावकी, कॉलेज आणि सरकार एकत्र आलेलं असतं. निर्णय वडिलांच्या नावाने होतो, पण त्यात त्या मुलीचा शब्द पडलेला असतो.

मुलांचा शब्द मोठ्यांवर चालतो याला अभ्यासाचा आधारही आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात शाळकरी मुलांना हवामानबदल शिकवला, घरी बोलायला लावलं, आणि त्यांच्या आईवडिलांची काळजी वाढते का ते पाहिलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ती वाढलेली दिसली, वडिलांमध्ये अधिक, परंपरानिष्ठ पालकांमध्ये अधिक, आणि मुलींच्या बोलण्याने अधिक. आपल्याकडे असा अभ्यास झाला तर निकाल कसा येईल, याबद्दल मी पैज लावणार नाही. पण ज्या घरात मुलीच्या शिक्षणावर बापाने कर्ज काढलं आहे त्या घरात तिचं म्हणणं बाप कान देऊन ऐकतो, हे नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

शेजाऱ्याचं वजन तर याहून मोठं. कॅलिफोर्नियात आणि कनेक्टिकटमध्ये सौरछतांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की एखाद्या वस्तीत एक छत वाढलं की जवळच्या घरांवर नवी छतं येण्याची शक्यता वाढते. कॅलिफोर्नियातल्याच, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आणखी एका अभ्यासात लोकांना विचारलं की तुम्ही वीज का वाचवता. त्यांनी पर्यावरण, समाजहित, पैसा अशी कारणं सांगितली आणि ‘शेजारी वाचवतात म्हणून’ हे सगळ्यात खाली ठेवलं. प्रत्यक्षात त्यांच्या वागण्याशी सर्वांत घट्ट जोडलेलं कारण तेच निघालं. पर्यावरणासाठी सौरऊर्जा हवी, असं विद्यार्थी लिहितो तेव्हा तो प्रामाणिकच असतो. पण त्याच्या मामाच्या मळ्यात पॅनेल बसलं का, आणि बसल्यावर मामा काय म्हणाला, हे त्याने लिहिलेलं नसतं.

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात मान्याची वाडी नावाचं शंभरेक घरांचं गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. त्या गावाने आधी ग्रामस्वच्छतेची बक्षिसं मिळवली होती. ज्या गावाला एकत्र येऊन झाडू धरायची सवय होती त्याला एकत्र येऊन छतावर पॅनेल बसवणं अवघड गेलं नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या बंगल्यांवर पॅनेल भराभर चढली. मात्र त्याच रस्त्यावरच्या सोसायट्यांत गच्ची सगळ्यांची असते, आणि एका सभासदाच्या हरकतीवर विषय वर्ष-वर्ष लांबतो. तिथल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाने सौरऊर्जेचं पहिलं रूप पाहिलं ते आंघोळीच्या गरम पाण्याचं, आणि दुसरं रूप पाहिलं ते सोसायटीच्या वार्षिक सभेतल्या भांडणाचं. त्याचंही मत तिथे घडलं.

शेजाऱ्याचा शब्द उलट बाजूनेही तितकाच चालतो. वादळात पॅनेल उडालं, पावसाळ्यात पंप चालला नाही, वीजजोडणीसाठी अर्ज केला तर सौरपंपच घ्या म्हणाले, दुरुस्तीला माणूस आला नाही : या तक्रारी गावात एका आठवड्यात सगळीकडे पोचतात. त्या ऐकून कॉलेजातलं पोर सोलरबद्दल नाक मुरडायला लागलं तर त्याला अज्ञानी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्याकडे माहिती आहे, आणि ती आपल्या भित्तिपत्रकापेक्षा ताजी आहे.

आता मौनाबद्दल. २०२५ च्या अखेरीस तपोवनातली हजाराहून अधिक झाडं सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तोडायची असं समजल्यावर नाशिक हललं. त्यात तरुण मुलंमुली मोठ्या संख्येने होती. झाडाला मिठी मारून उभी राहिली, घोषणा दिल्या, हरकती नोंदवल्या. ते पाहून या शहरातल्या पोरांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही, असं म्हणण्याचा हक्क कुणालाच उरलेला नाही. मग वीज कशापासून येते या प्रश्नावर हीच मुलं गप्प का? एक कारण उघड आहे. झाड दिसतं, तुटताना दिसतं, आणि बाजूला उभा राहिलेला माणूसही दिसतो. वीज भिंतीतल्या बटणातून येते, तिच्या बाजूने किंवा विरोधात उभं राहण्याची जागाच कुठे नाही. आपल्याला जे वाटतं ते शेजारच्या बाकावरच्यालाही वाटतं, हे कळायचा मार्ग नसतो.

याबद्दल जगभरातून एक बोलका आकडा आला आहे. १२५ देशांतल्या सुमारे एक लाख तीस हजार लोकांना विचारलं गेलं, की हवामानबदल रोखण्यासाठी दरमहा आपल्या उत्पन्नाचा एक टक्का द्याल का. ६९ टक्के हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या देशातले किती जण हो म्हणतील? सरासरी अंदाज ४३ टक्क्यांचा निघाला. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच. म्हणून कुणी बोलत नाही, आणि कुणी बोलत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं आपण एकटेच. वीस वर्षांच्या वयात तर या भीतीची धार जास्त असते. ‘जास्त शहाणा’, ‘भाषण देतो’ असं नाव पडण्यापेक्षा गप्प बसणं परवडतं. रात्रीच्या पाळीवरून आलेलं पोर पेंगण्याचं कारण सांगत नाही, कारण ते सांगणं म्हणजे आपलं खेडवळपण उघडं करणं, असं त्याला वाटतं. त्याच वर्गात तशी आणखी पंधरा पोरं बसलेली असू शकतात.

आणि मग एकलहरे. नाशिकरोडच्या पलीकडे ते औष्णिक वीजकेंद्र १९७० पासून उभं आहे. सुरुवातीचे दोन संच बंद झाले, आता २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळसा दुरून रेल्वेने यावा लागतो, त्यामुळे वीज महाग पडते, आणि महाग वीज शेवटी घेतली जाते. बंद झालेल्या संचांच्या जागी ६६० मेगावॉटचा नवा संच यावा, ही मागणी पंचक्रोशीत वर्षानुवर्षं होत आली आहे. मागणारे कोण? ज्यांच्या जमिनी केंद्रासाठी गेल्या त्यांचे वारस, कंत्राटी कामगार, वसाहतीबाहेरचे दुकानदार. त्यांच्या मुलांनी राख पाहिलेली आहे, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पानांवर. कोळशाचा धूर वाईट हे त्यांना कुणी शिकवायला नको. पण कोळसा बंद म्हणजे वडिलांचं काम बंद, हेही ती घरातच शिकली आहेत. सौरऊर्जेच्या परिसंवादात ती मागच्या रांगेत बसतात आणि काही बोलत नाहीत. तिकडे सिन्नरजवळ १३५० मेगावॉटचा खासगी औष्णिक प्रकल्प उभा राहिला आणि वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिला. त्या परिसरातल्या मुलांच्या मनात ‘प्रकल्प’ या गोष्टीबद्दलच अविश्वास असेल, मग तो कोळशाचा असो की सूर्याचा, तर तो समजण्यासारखा आहे.

धुळे-नंदुरबारकडून नाशिकला शिकायला येणारी मुलं याहून वेगळी आठवण घेऊन येतात. साक्री तालुक्यात पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा जमिनी आणि आदिवासींचे वनहक्क यांवरून संघर्ष झाला. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ पासून आहे. म्हणजे आपण ज्याला स्वच्छ ऊर्जा म्हणतो ती त्या मुलांच्या माळावरून निघून आपल्या शहरात येते. एखाद्या पावरा किंवा कोकणी मुलीला पवनचक्कीबद्दल प्रेम वाटलं नाही तर सामाजिक प्रभावामुळे तिचा पाठिंबा कमी झाला, असं अहवालात लिहिलं जाईल. मला ते पटत नाही. तिने जमीन जाताना पाहिली आहे. तिचा नकार हा या विषयाचा धडा मानायला हवा, आणि शिक्षकाने आधी तो तिच्याकडून शिकायला हवा.

मी सौरऊर्जेच्या बाजूने आहे, पूर्णपणे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधली गारपीट ज्या द्राक्षबागांनी सोसली त्या जिल्ह्यात बसून हवामानाशी खेळ चालू ठेवा, असं कुणी म्हणू शकणार नाही. पण पाठिंबा गोळा करायची घाई मला धोक्याची वाटते. एकलहऱ्याच्या पोराला त्याच्या वडिलांच्या कामाचं काय, या प्रश्नाचं उत्तर न देता मिळवलेला होकार पहिल्या संचाला टाळं लागताच गळून पडेल. आणि उत्तर नाशिकमध्ये अशक्य नाही. स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर, विजेची उपकरणं बनवणारे कारखाने सातपूर-अंबडला पूर्वीपासून आहेत. अभियांत्रिकीच्या मुलांची पहिली नोकरी पुष्कळदा तिथेच लागते. सौर वाहिन्या वाढतील तशी जोडणी, दुरुस्ती, देखभाल यांची कामं तालुक्या-तालुक्यांत वाढणार. आयटीआय झालेल्या पोराला सौरपंप दुरुस्तीचं काम गावात मिळालं, तर ‘माणूस येत नाही’ ही अण्णांची तक्रारही मिटते. कॅम्पस मुलाखतीच्या आधी सीनियर काय सांगतात, कुठली शाखा ‘चालते’ म्हणतात, याचा मुलांच्या ऊर्जामतावर जेवढा परिणाम होतो तेवढा दहा व्याख्यानांचा होत नाही.

म्हणून ईव्हीएसची ती प्रकल्पवही मला महत्त्वाची वाटते. तिचा विषय बदलता येतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मळ्यातल्या मुलाने महिनाभर आपल्या फीडरची, म्हणजे मळ्याला वीज आणणाऱ्या वाहिनीची, नोंद ठेवावी : लाईट कधी आली, कधी गेली, डीपी किती वेळा जळाली, घरातलं कोण किती रात्री जागलं. फ्लॅटमधल्या मुलीने सोसायटीची बारा महिन्यांची सामाईक बिलं मागावीत आणि गच्चीच्या भांडणात कोण काय म्हणालं ते लिहावं. एकलहऱ्याच्या मुलाने वसाहतीतल्या चार निवृत्त आणि चार कंत्राटी कामगारांशी बोलावं. साक्रीच्या मुलीने आपल्या गावचा माळ आधी कसा होता ते आजीला विचारून लिहावं. या वह्या वर्गात मोठ्याने वाचल्या जाव्यात, सगळ्यांच्या देखत, म्हणजे पंधरा पोरांना कळेल की आपण पंधरा आहोत. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांत तर वही लिहिणारा आणि मोटार चालवणारा एकच माणूस असेल.

हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरं गावोगाव लागतात. रस्ता झाडणं, बंधारा घालणं, संध्याकाळी पथनाट्य, असा क्रम ठरलेला असतो. याच दिवसांत कांद्याला पाणी चालू असतं. एका रात्री, रात्रीच्या पाळीत, शहरातली चार पोरं आणि एक शिक्षक मळ्यात नेऊन वाफे भरायला लावावेत, वनखात्याला आणि गावकऱ्यांना विचारून, सगळी काळजी घेऊन. आणि महिनाभराच्या फीडरच्या नोंदी एकत्र करून त्या मुलांनीच महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात नेऊन द्याव्यात, पोचपावती घ्यावी, आणि सौर वाहिनी आपल्या फीडरवर कधी येणार याचं लेखी उत्तर मागावं.